दोरा बांधलेला कॅन

४ मार्च

पत्रास कारण की, टाकी. दुसरं कारण नाही, तेव्हा उगाच काही शोधत बसू नकोस.

वर मायना आणि आशीर्वाद यांची जागा मोकळी दिसेल. ती विसरून राहिलेली नाही. तू त्या काचवाल्याबरोबर निघालीस त्या दिवशी मी दारात उभा राहून म्हणालो होतो की तुझा आवाज या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये. शब्द दिला की दिला. फोन करायचा नाही, आला तर घ्यायचा नाही. पण पत्राला आवाज नसतो, हे मला काल दाढी करताना सुचलं, आणि टाकीचं काम तर अडलेलंच आहे.

जाताना तू कपडे नेलेस, सर्टिफिकिटं नेलीस, उशीसुद्धा नेलीस. टाकी मात्र ठेवून गेलीस. मासे, कोळंब्या, पाण्यातलं ते रान आणि क्षारांच्या डब्यांचं खोकं, सगळं माझ्या गळ्यात. टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तुझा कागद मी वाचला. खनिजाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये करायचं, कॅल्शियम आणि मॅगसल्फ घालून. (मॅगसल्फ मी जन्मभर लोकांना पोट साफ व्हायला दिलं. माशांना कशाला लागतं ते त्यांनाच ठाऊक.) मग झाडांचं खत: सोरा (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), फॉस्फेट, पोटॅश, आणि लोहाची ती तपकिरी भुकटी.

मी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. मिक्श्चर करणं मला कुणी शिकवू नये. सगळं तोललं, एका बाटलीत घातलं, पाणी ओतलं, हलवलं, वर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवली, एक खाच म्हणजे एक डोस. जुन्या डॉक्टरसाहेबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला विटकरी गाळ, आणि वरचं पाणी गढूळ.

तुझ्या कागदावर 'वेगवेगळ्या बाटल्या' असं लिहिलंय, ते मी पाहिलं होतं. पण का, ते लिहिलेलं नाही. कारण न सांगता कुणी काही करायला सांगितलं की ते माझ्या हातून होत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असून कारण गाळलंस, हा माझा मुद्दा आहे.

आणखी एक. पाण्याची पातळी आठवड्यात दोन बोटं खाली आली. टाकी तुझ्या नवऱ्याने जोडली आहे. पहिलं लग्न मोडल्याचंही त्याने टाकी भरून झाल्यावर सांगितलं होतं. ज्याचा एक सांधा निखळला त्याचे बाकीचे सांधे तपासावेत, असं माझं मत आहे.

उत्तर टाक. फक्त टाकीचं.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.


२० मार्च

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, खुशाली नाही. बरोबर आहे, मीच तसं लिहिलं होतं.

लोह आणि फॉस्फेट दाट असताना एका बाटलीत घातले की एकमेकांना धरून खाली बसतात आणि झाडांच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत, हे कारण पटलं. हेच आधी लिहिलं असतंस तर माझी अख्खी बाटली मोरीत गेली नसती. आता दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर पट्ट्या. आज एक, उद्या दुसरी.

टाकी गळत नाही, पंख्याखाली पाणी उडून जातं, असं तू म्हणतेस. मी टाकीखाली चारी बाजूंनी वर्तमानपत्र पसरून पाहिलं. कागद कोरडा राहिला. म्हणजे गळत नाही. म्हणजे सध्या गळत नाही.

उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं साधं पाणी घालायचं, खनिजाचं नाही, हेही लक्षात आलं. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, त्यात पुन्हा क्षाराचं पाणी ओतलं तर टाकी दिवसेंदिवस जड होत जाणार. काढा आटवताना मी हेच करायचो. खनिजाचं पाणी फक्त बदलताना, जेवढं काढलं तेवढंच. समजलं.

आता बंदोबस्ताचं लिहितो. मागच्या खोलीत आपण भाडेकरू ठेवला आहे. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून त्याला घड्याळजी म्हणतो. पोरगेला, बोलायला गोड. नको तितका गोड. मोरीकडे जाताना हॉलमधून जातो आणि टाकीपाशी थांबून डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतो. परवा म्हणाला, "काका, हे पोटॅशियम नायट्रेट फटाक्यातही घालतात ना?" हे याला कशाला माहीत असायला हवं? मी त्याच दिवशी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. पाण्याचे दोन्ही कॅन, साध्याचा आणि खनिजाचा, एकसारखे पांढरे आहेत. त्यातल्या एकाच्या मुठीला आतल्या बाजूने काळा दोरा बांधला आहे. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. पत्रं वाटेत फुटतात.

टाकीला हात लावायचा नाही, असं तुझ्या आईलाही बजावलं आहे. म्हणाली, "मला काय करायचंय तुमच्या डबक्याशी?" तुझं कार्ड आलं तेव्हा मी मुद्दाम टेबलावर पालथं ठेवलं. तिने वरून धूळ झटकली, पण उलटं करून पाहिलं नाही. काय लिहिलंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी कठोर म्हणून गावभर बदनाम, पण तिचं काळीज माझ्यापेक्षा घट्ट निघालं. तू गेल्यापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. मला हे थोडं चमत्कारिक वाटतं.

कोळंब्यांना पिल्लं झाली आहेत. भाताच्या कण्यांएवढी. हे तुला कळावं असं वाटलं, इतकंच.


१२ एप्रिल

पाण्याची पातळी कमी होत नाहीये.

नीट वाच. उन्हाळा चढलाय, पंखा दिवसभर फिरतोय, दोरीवर घातलेले कपडे तासाभरात वाळतात. मार्चमध्ये दोन बोटं पाणी उडत होतं, तर आता तीन उडायला हवं. मी काचेवर चिकटपट्टीची खूण केली आहे. पाणी खुणेवर. सकाळी खुणेवर, संध्याकाळी खुणेवर. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटण्यासारखं यात काय आहे? मी साधं पाणी घालायला जातो तर घालायला जागाच नाही.

तुझ्या खोक्यातली जडपणा मोजायची ती छोटी बाटली काढली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि लालसर रंगाचा हिरवा होईपर्यंत थेंब टाकायचे. तुझ्या कागदाप्रमाणे सहाव्या थेंबाला रंग फिरायला हवा. आठव्याला फिरला. पुन्हा केलं. आठच. चष्मा पुसून केलं, तरी आठ.

म्हणजे कुणीतरी माझ्यामागे टाकीत पाणी ओततंय. आणि साधं पाणी नाही ओतत.

का ओततंय? हळूहळू मारायला. एकदम काही घातलं तर बोंब होईल, म्हणून थेंबाथेंबाने. दवाखान्यात असताना मी अशा गोष्टी ऐकल्या आहेत.

पुरावा म्हणशील तर टाकीमागे चिमटा सापडला. लांब, बारीक, टोकाला वाकडा. मी घड्याळजीला बोलावलं.

"हा तुमचा?"

"माझाच, काका. शोधत होतो."

"इथे कसा आला?"

"आता चिमट्याला काय पाय असतात?"

"म्हणून तर विचारतोय."

तो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, काकूंना सुईत दोरा ओवायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, बोटात कुसळ गेलं होतं. एकाच चिमट्याने एकाच दिवशी दोरा पण ओवला आणि कुसळ पण काढलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, याचा अर्थ सांगायचं काय ते ठरवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

तुझ्या आईला या माणसाचं फार कौतुक आहे. त्याने तिच्या मोबाईलचं काहीतरी नीट करून दिलं, तेव्हापासून त्याच्या चहात साखर जास्त असते. मी दुपारी जेवून औषधाच्या दुकानात जाऊन बसतो, जुन्या ओळखीचं दुकान आहे, वेळ जातो. त्या वेळात घरात ही दोघंच. घरफोडे काय कपाळावर लिहून येतात? माझ्या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय एवढं नक्की.

तू काही सुचवू शकत असशील तर सुचव. लाल झाडं बरी आहेत.


२८ एप्रिल

तुझं कार्ड आलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

तू लिहितेस, 'लाल झाडांचे शेंडे आखडलेत, नवी पानं वेडीवाकडी येताहेत, पाणी जड झालंय, थोडं थोडं बदला.' शेंडे आखडलेत हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं होतं की लाल झाडं बरी आहेत. ती बरी नाहीत, हे खरं. पण ते मी तुझ्यापासून लपवलं होतं. माझी पत्रं मी टाकण्याआधी दोनदा वाचतो. लपवलेलं बाहेर जायला वाट नाही.

म्हणजे या घरात तुझा हेर आहे.

पहिला संशय तुझ्या नवऱ्यावर. टाकी बसवली तेव्हा त्याच्याकडे आठवडाभर आपली किल्ली होती. किल्लीची दुसरी किल्ली करायला किती वेळ लागतो? मी कुलूप बदललं. तुझ्या आईला नवी किल्ली दिली तेव्हा ती म्हणाली, "चोराने न्यावं असं आहे काय आपल्याकडे?" मी म्हणालो, "नेत नाहीत, ओततात." तिने माझ्याकडे बघितलं नाही. भाजी निवडत होती, ती जरा जास्तच मन लावून.

दुसरा संशय घड्याळजीवर, तो आहेच.

पाणी बदला म्हणतेस. ते मी उलट थांबवलं आहे. गुन्ह्याच्या जागी काही हलवायचं नसतं. दहाव्या थेंबापर्यंत गेलंय. दोन कोळंब्या कात टाकता टाकता अर्ध्यावर मेल्या. मी त्या चमच्याने काढल्या आणि कुंडीत पुरल्या. तुझ्या आईने विचारलं, काय करताय, तर सांगितलं खत घालतोय.

आणि कार्डाच्या कडेला उभं जे लिहिलंयस तेही वाचलं. 'बाबा, जमत नसेल तर टाकी दुकानदाराला देऊन टाका. महिनाअखेरीला माणूस पाठवते.' माणूस पाठवू नकोस. पाठवलास तर दारातून परत जाईल. जमत नाही असं मी कुठे म्हटलं? तू जन्मलीस तेव्हा वजन भरलं नव्हतं, डॉक्टरसाहेबांनी आशा सोडली होती, आणि थेंबाथेंबाने दूध मोजून तुला कुणी वाढवलं? पुडीएवढी होतीस. म्हणून तर पुडी म्हणायला लागलो. टाकी दिली तर हॉलमधली ती भिंत रिकामी होईल ते सोड. टाकी गेली तर मी तुला लिहू कशाबद्दल?

हे वाक्य खोडणार होतो. पण खोडलेलं उजेडासमोर धरून वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून राहू दिलं.

आज टाकीत एक गोष्ट केली आहे. कुणाला सांगितलेली नाही, तुलाही सांगत नाही. बघू, कुणाच्या तोंडून बाहेर येते.


१५ मे

सापडलीस.

'काळा दगड उजवीकडे का नेला? मोटरचं पाणी त्याच्यावर आपटतं, मागच्या झाडांना मिळत नाही.' तुझंच अक्षर, तुझंच कार्ड.

दगड मी हलवला होता. तुझी आई देवळात गेलेली असताना, दार लावून, बाहीपर्यंत हात घालून. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. तू इतक्या लांब बसून तो दगड पाहिलास. तुला दिव्यदृष्टी असती तर तू त्या काचवाल्याशी लग्न केलं नसतंस, तेव्हा ती शक्यता मी सोडून देतो.

आता फक्त हेर पकडायचा राहिला. उद्यापासून दुपारी दुकानात जायला निघायचं आणि कोपऱ्यावरून परतायचं. पुढच्या दाराने नाही, मागच्या गल्लीतून, घड्याळजीच्या खोलीतून. चप्पल हातात घेऊन. तुझ्या आईचे कान तिखट आहेत, दूध उतू जायच्या आधी तिला दुसऱ्या खोलीत कळतं. पण मीही कच्चा नाही.

रंगेहाथ पकडला की आधी तुला कळवीन, मग त्याला घराबाहेर काढीन.


२३ मे

तुझं कार्ड नाही. मीच लिहितोय.

काही विशेष नाही. टाकी बरी आहे. थोडं थोडं पाणी बदलायला सुरुवात केली. दगड परत डावीकडे ठेवला.

घड्याळजीला काढलेलं नाही. माणूस वाईट नाही.

तिकडे ऊन कसं आहे? दुपारी बाहेर पडत जाऊ नकोस.


३१ मे

चि. पुडीस अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र अर्धवट होतं. त्यात मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नव्हतं. आज लिहितो. एकटी असताना वाच. तुझा नवरा वाचेल तर वाचू दे म्हणा.

त्या दिवशी मी ठरवल्याप्रमाणे मागच्या गल्लीने आलो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसला होता. हातात चप्पल घेतलेला मी दिसल्यावर त्याच्या हातातलं कायसं बारीक चाक खाली पडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तो हळूच म्हणाला, "काका, आत जाऊ नका. पाया पडतो." तेव्हाच माझ्या मनात आलं की हा चोर नाही, हा पहारेकरी आहे.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. तुझी आई टाकीसमोर स्टुलावर उभी. एका हातात मोबाईल टाकीकडे धरलेला, दुसऱ्या हातात तो चिमटा, बाही कोपरापर्यंत ओली. कानात वायरी. म्हणजे तुझा आवाज या घरात नव्हता. तिच्या कानात होता. माझा शब्द तिनेही मोडलेला नाही, फक्त वळसा घालून गेली, जशी मी पत्रांनी गेलो. एका घरात राहून दोघांनी दोन चोरवाटा पाडल्या आणि एकमेकांना कळू दिलं नाही. सदतीस वर्षांचा संसार, पण मला वाटलं होतं तिला तुझी आठवणही येत नाही.

तुझं बोलणं मला ऐकू आलं नाही. तिचं आलं.

"हे पान ना? कुजलंय, काढते... थांब गं, हात पोचत नाही... हां, निघालं." मग म्हणाली, "पाणी उतरलंय म्हणतेस? किती, अर्धं बोट? घालते... कुठला कॅन, मला काय कळणार, पुडे. दोन्ही सारखेच आहेत. यांनी चिठ्ठ्या काढून ठेवल्यात. पुढचा घेते."

आणि पुढचा घेतला. मुठीला आतून काळा दोरा होता. दोरावाला कॅन खनिजाचा, हे तुला आता सांगायला हरकत नाही. मी तो पुढे ठेवला होता, कारण वापरायला तोच जास्त लागतो. ती तो कॅन छातीशी धरून, सांडू नये म्हणून जपून, टाकीत ओतत होती. लेकीची झाडं कोरडी पडू नयेत म्हणून.

चाळीस वर्षांत चुकीची बाटली उचललेली पाहून मी कधी गप्प बसलो नव्हतो. डॉक्टरसाहेबांचा हात धरला आहे मी एकदा, भर दवाखान्यात. त्या दिवशी मात्र शब्द माझ्या ओठापर्यंत आला आणि मी तो गिळला. कारण मी बोललो असतो तर तिने कॅन खाली ठेवला असता, आणि फोनही.

मग तू काहीतरी विचारलंस. ती स्टुलावरून उतरली. म्हणाली, "ते? ते बरे आहेत. माझ्याशी बोलत नाहीत तितकं माशांशी बोलतात. तुझं कार्ड आलं की चारदा वाचतात आणि पालथं घालून ठेवतात, मी बघावं म्हणून. मी बघत नाही. बघितलं तर तोंडावरून कळेल ना त्यांना." नंतर ती म्हणाली, "अगं, रिकामीच आहे, दुकानात गेलेत. रिकामी खुर्ची काय बघायची रोज रोज?" आणि मग, "बरं बाई, घे."

तिने फोन माझ्या खुर्चीकडे वळवला. नुसत्या खुर्चीकडे. गादी बसून खड्डा पडलेली, हातावर माझा चष्म्याचा डबा, खाली पायाशी जुने मोजे. बराच वेळ धरून ठेवला. मग पदराने डोळे पुसले आणि मोजे उचलायला वाकली.

मी आलो तसा गल्लीने बाहेर गेलो, चप्पल घातली, कोपऱ्यावर जरा उभा राहिलो आणि पुढच्या दाराने घंटा वाजवून आत आलो. तुझी आई म्हणाली, "आज लवकर?" मी म्हणालो, "ऊन लागलं." तिने पाणी आणून दिलं. माझे डोळे लाल झाले होते, ते तिने उन्हावर ढकललं, किंवा ढकलल्यासारखं केलं.

टाकीचं सांगतो, कारण पत्र टाकीबद्दल आहे. मी आता दोन्ही कॅनमध्ये आरओचं साधं पाणी भरून ठेवलं आहे. खनिजाचं पाणी घड्याळजीच्या खोलीत, त्याच्या पलंगाखाली असतं. तुझी आई कुठलाही कॅन उचलू दे, चूक होणार नाही. तिला यातलं काही माहीत नाही. तूही सांगू नकोस, मला माहीत आहे की सांगशीलच. आज सातव्या थेंबाला रंग फिरला. एका लाल झाडाला सरळ शेंडा आला आहे, तो तू पाहिला असशील.

तुझ्या नवऱ्याचे सांधे गळत नाहीत. हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस. त्याला सांग की काचेच्या डाव्या कोपऱ्यावर पांढरे डाग पडलेत, ते कशाने काढायचे? पत्राने कळव म्हणावं, किंवा येऊन दाखव. येताना कुलूप नवं आहे, घंटा वाजवावी लागेल.

आता शेवटचं.

सोमवारपासून मी दुपारी दुकानात गेलेलो नाही. कंबर धरली आहे असं सांगितलंय. तुझी आई माझ्याभोवती घिरट्या घालते. "जरा पडा ना आत," म्हणते. मी म्हणतो, मला खुर्चीतच बरं वाटतं. काल मी डोळे मिटले आणि हलकेच घोरायला सुरुवात केली. ती जवळ आली, वाकून बघितलं, आणि फोन घ्यायला गेली. झोपलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, तेव्हा त्याने शब्द मोडला असंही कुणाला म्हणता येणार नाही. याचा मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे.

आज सकाळपासून तिच्या कानातल्या वायरी सापडत नाहीयेत. सगळं घर पालथं घातलंय. गाद्या उचलून झाल्या, डबे उघडून झाले. संशय घड्याळजीवर आहे, आणि तो बिचारा खिसे उलटे करून दाखवतोय. त्या माझ्या चष्म्याच्या डब्यात आहेत.

हे पत्र पोचेल तेव्हाही सापडलेल्या नसतील. तेव्हा दुपारी फोन लागला की जरा मोठ्याने बोल. तुझ्या आईला हल्ली कमी ऐकू येतं.

बाबा